रेअर अर्थच्या बातम्यांत न दिसलेली बातमी: अणूंच्या रेषांची वही कोण सांभाळणार?

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर एक जुना सीएफएल बल्ब सापडला. शेजारीच ओरखडे पडलेली एक सीडी. दोन्ही कचऱ्यात जाणार होते, पण कॉलेजातला एक प्रयोग आठवला. खोलीत अंधार केला, बल्ब लावला, सीडी तिरकी धरली आणि तिच्यात दिसणारं प्रतिबिंब फोनच्या कॅमेऱ्यात पकडलं.

एलईडी बल्बसमोर हेच केलं तर निळ्यापासून लालपर्यंत सलग इंद्रधनुष्य दिसतं. सीएफएलचं तसं नाही. तिथे रंग तुटक दिसले. एक झगझगीत नारिंगी-लाल पट्टी, एक हिरवी, एक-दोन निळसर, आणि मधे काळोख. ती लाल पट्टी साधारण ६११ नॅनोमीटरवर असते आणि ती युरोपियम नावाच्या मूलद्रव्याची असते. हिरवी मुख्यतः टर्बियमची. दोन्ही रेअर अर्थ, म्हणजे मराठी पुस्तकांतली ‘दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये’.

आता उत्सुकता वाढली. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेचा अणूंच्या वर्णरेषांचा डेटाबेस सगळ्यांना फुकट बघता येतो. तिथे युरोपियम निवडलं आणि ६११ च्या आसपास शोधलं. भराभर रेषा आल्या, पण माझी त्यांतली कुठली ते काही ठरेना. अर्ध्या तासाने ट्यूब पेटली! हा डेटाबेस वायूत मोकळ्या फिरणाऱ्या अणूंचा आणि आयनांचा आहे. माझ्या बल्बमधला युरोपियम तीन इलेक्ट्रॉन गमावून यट्रियम ऑक्साइडच्या स्फटिकात बसलेला असतो. त्याचा तक्ताच वेगळा.

या चुकीतून मी जे वाचत गेलो, त्यातून हा लेख आला. कारण ज्या वर्षी सगळं जग रेअर अर्थवर बोलत होतं, त्याच वर्षी हे तक्ते सांभाळणाऱ्या माणसांबद्दलची एक बातमी येऊन गेली आणि आपल्यातल्या बहुतेकांना ती कळलीही नाही.

आधी, जी बातमी सगळ्यांनी वाचली ती

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. त्यात टर्बियम, डिस्प्रोशियम, समेरियम होते. ऑक्टोबरमध्ये युरोपियम, एर्बियम, यटर्बियम अशा आणखी पाचांची घोषणा झाली, आणि नोव्हेंबरमध्ये ही दुसरी घोषणा वर्षभरासाठी स्थगित झाली.

याचा चटका थेट पुण्यापर्यंत आला. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरला लागणारे चुंबक मिळेनात. ऑगस्टमध्ये आपलं इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असं बजाज ऑटोने जुलैमध्ये सांगितलं होतं. ऑगस्टच्या उत्तरार्धात चेतकचं काम पुन्हा सुरू झालं. मग २६ नोव्हेंबर २०२५ ला केंद्र सरकारने देशातच वर्षाला ६,००० टन चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

खाण, चुंबक, कारखाना, पैसा. हे सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून त्याची बातमी होते. पण रेअर अर्थच्या सगळ्या उद्योगाखाली आणि सगळ्या विज्ञानाखाली अजून एक थर आहे: या मूलद्रव्यांना ओळखायचं कसं, याची वही.

रेषा म्हणजे अणूची सही

अणूतले इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या पायऱ्यांवरच असतात. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उडी मारली की मधल्या फरकाएवढा प्रकाश बाहेर पडतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या वेगळ्या, त्यामुळे प्रकाशाचे नेमके रंगही वेगळे. वर्णपटात ते रंग रेषा म्हणून दिसतात. सही बघून माणूस ओळखावा तसं रेषा बघून मूलद्रव्य ओळखता येतं, अट एकच: ती सही आधी कुठेतरी नोंदलेली हवी.

नोंद नसेल तर काय होतं? १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण घ्या. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत एक पिवळी रेषा दिसली. सोडियमच्या रेषांजवळची, पण सोडियमची नव्हे. नॉर्मन लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून तिचं मोजमाप केलं. जुळवायला पृथ्वीवरची एकही सही नव्हती. शेवटी १८९५ मध्ये विल्यम रॅमझी यांना एका युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली. तो वायू म्हणजे हेलियम. विजयदुर्गावर दरवर्षी त्या ग्रहणाच्या दिवशी या शोधाची आठवण काढतात. मला त्यातला आकडा महत्त्वाचा वाटतो: रेषा दिसल्यापासून ती पृथ्वीवर जुळेपर्यंत २७ वर्षं गेली.

रेअर अर्थच्या बाबतीत तर रेषांशिवाय पान हलत नाही. ही मूलद्रव्यं रासायनिक स्वभावाने जुळ्या भावंडांसारखी. कार्ल मोसांडर यांनी १८४१ मध्ये एक नवं मूलद्रव्य सापडलं असं समजून त्याला ‘डिडिमियम’, म्हणजे जुळं, असं नाव दिलं. १८८५ मध्ये कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी दाखवलं की ती खरंच दोन मूलद्रव्यं आहेत. त्यांची नावं नियोडिमियम आणि प्रेसिओडिमियम. त्यातल्या नियोडिमियमचा चुंबक आज तुमच्या फोनच्या स्पीकरमध्ये बसलाय.

मग ही वही एवढी अवघड का?

साधी आकडेमोड करू. लोखंडाच्या अणूत एका कप्प्यात दहा जागा असतात आणि सहा इलेक्ट्रॉन. त्यांना बसवायच्या २१० पद्धती. रेअर अर्थच्या ज्या कप्प्यात गंमत आहे, तो चौदा जागांचा. नियोडिमियमचे चार इलेक्ट्रॉन तिथे १,००१ पद्धतींनी बसतात. युरोपियमचे सात इलेक्ट्रॉन ३,४३२ पद्धतींनी! प्रत्येक मांडणीची वेगळी पायरी होत नाही, काही एकत्र येतात. पण शेजारच्या कप्प्यात उड्या मारणारे इलेक्ट्रॉनही मोजले, की रेषांची संख्या हाताबाहेर जाते.

अणूने एखादा इलेक्ट्रॉन गमावला की तो आयन होतो, आणि त्याची सही पुन्हा वेगळी. दोन गमावले की अजून वेगळी. म्हणजे एका मूलद्रव्याची एक सही नाही, सह्यांची अख्खी वही.

जाणकारांनाही हे कसं दमवतं याचा पुरावा इतिहासातच आहे. शार्लट मूर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी सगळ्या मूलद्रव्यांच्या ऊर्जापातळ्यांचे तक्ते तयार केले. तीन खंड आले: १९४९, १९५२, १९५८. तिसऱ्या खंडात ५७ व्या क्रमांकाच्या लँथॅनमनंतर थेट ७२ व्या क्रमांकाचं हाफ्नियम येतं. मधली चौदा मूलद्रव्यं चक्क गाळलेली! त्यांची माहिती तेव्हा तेवढी पक्की नव्हती. ती पोकळी भरणारा रेअर अर्थचा खंड आला १९७८ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. आज आपण एनआयएसटीच्या डेटाबेसमध्ये एक बटण दाबून जे बघतो, त्याच्या मुळाशी अशी कामं आहेत.

आज अशा वह्या अनेक आहेत. बेल्जियममधल्या मोन्स विद्यापीठाचा ‘ड्रीम’ नावाचा डेटाबेस खास या मूलद्रव्यांसाठी आहे आणि त्यात साठ हजारांहून जास्त रेषांची माहिती आहे. ताऱ्यांच्या अभ्यासासाठी ‘वॅल्ड’ आहे. युरोपातल्या संस्थांनी मिळून वेगवेगळे डेटाबेस एकाच ठिकाणाहून शोधता यावेत अशी सोय केली आहे. स्फटिकात बसलेल्या आयनांसाठी जी. एच. डीके यांचा १९६० च्या दशकातला आराखडा आजही वापरतात. माझ्या बल्बच्या लाल पट्टीचं उत्तर त्याच घराण्यातलं. आणि दूरच्या इंटरनेट केबलमध्ये १,५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वाढवणारा एर्बियमही त्याच घराण्यातला.

१३ कोटी प्रकाशवर्षांवरून आलेला प्रश्न

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. नारायणगावजवळची आपली जीएमआरटीसुद्धा त्यात होती. त्या धडकेचा प्रकाश आधी निळसर होता आणि काही दिवसांत लाल होत गेला. सोनं, प्लॅटिनम आणि रेअर अर्थसारखी जड मूलद्रव्यं अशा धडकेत तयार होतात, या कल्पनेला त्यामुळे मोठा आधार मिळाला. कारण रेअर अर्थ मिसळलेला ढग लोखंडाच्या ढगापेक्षा दहा ते शंभर पट जास्त प्रकाश अडवतो. इतक्या रेषा, की निळ्या प्रकाशाला बाहेर पडायला फटच मिळत नाही.

पण ‘रेअर अर्थ आहेत’ म्हणणं वेगळं आणि ‘हा बघा सिरियम’ म्हणणं वेगळं. २०१९ मध्ये त्या वर्णपटात स्ट्रॉन्शियम ओळखला गेला. तो रेअर अर्थ नाही. त्याच्या ठळक रेषा थोड्या आणि नीट माहिती असलेल्या. लँथॅनम आणि सिरियम ओळखायला २०२२ उजाडलं, आणि तेही जपानच्या गटाने प्रयोगातून पक्क्या झालेल्या नोंदी धरून अवरक्त भागात शोध घेतला म्हणून. पुढे सिरियमच्या रेषांची खात्री करायला विचित्र रसायन असलेल्या एका ताऱ्याच्या वर्णपटाचा आधार घेतला गेला.

प्रकाश २०१७ मध्येच हातात होता. फोटो होता, नाव नव्हतं. दुर्बीण कमी पडली नाही, वही कमी पडली.

संगणकाने हिशेब करून लाखो रेषा काढता येतात. जपान आणि लिथुआनियाच्या संशोधकांनी मिळून तसा डेटाबेस केला आहे, एनआयएसटी आणि लॉस अलामोसच्या शास्त्रज्ञांनीही केला आहे. ढग एकूण किती प्रकाश अडवेल हे त्यातून कळतं. पण अशी हिशेबातली रेषा खऱ्या जागेपासून बरीच सरकलेली असू शकते. एका विशिष्ट रेषेवर बोट ठेवायचं असेल, तर कुणीतरी प्रयोगशाळेत ती मोजलेली लागते.

मार्च २०२५: जी बातमी येऊन गेली

आता त्या दुसऱ्या बातमीकडे येऊ. मार्च २०२५ मध्ये, म्हणजे चीनच्या घोषणेच्या जेमतेम काही आठवडे आधी, बातमी आली की अमेरिकन सरकारच्या नोकरकपातीत एनआयएसटीचा अणू-वर्णपटांचा गट बंद होणार आहे. गटाच्या प्रमुखांनी सहकाऱ्यांना पाठवलेल्या ईमेलवरून ती फुटली. त्यांचं काम संस्थेसाठी कायद्याने अत्यावश्यक धरलं जात नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. मग जगभरच्या संशोधकांनी गट वाचवण्यासाठी सह्यांची मोहीम चालवली.

इथे सरळ विचार करू. रेअर अर्थसाठी देश एकमेकांशी भांडतायत, हजारो कोटी ओततायत, आणि त्याच वेळी ही मूलद्रव्यं ओळखण्याची वही लिहिणारी मूठभर माणसं ‘अत्यावश्यक नाहीत’ ठरतात. याला मी निव्वळ अमेरिकेचा घरगुती प्रश्न मानत नाही. ती वही पुण्यातला विद्यार्थीही रोज उघडतो, एक रुपया न देता. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची किंमत ती बंद पडायच्या वेळीच कळते.

‘डाउनलोड करून ठेवा ना!’

माझ्या मित्राची पहिली प्रतिक्रिया हीच होती. ‘अरे, डेटाच आहे ना? कॉपी मारा, दुसऱ्या सर्व्हरवर टाका. विषय संपला.’

कॉपी ठेवायलाच हवी, त्यात वाद नाही. पण ही वही मेलेली नाही, तिच्यात सतत दुरुस्त्या होतात. एनआयएसटीचा डेटाबेस रेषांच्या तीव्रतेच्या आकड्यांना चक्क ग्रेड देतो. ‘ए’ म्हणजे चूक ३ टक्क्यांच्या आत. ‘सी’ म्हणजे २५ टक्क्यांच्या आत. आणि ‘ई’ म्हणजे ५० टक्क्यांहूनही जास्त चूक असू शकते. हा ग्रेड मशीन देत नाही. कुणीतरी मूळ शोधनिबंध वाचतं, दोन प्रयोगशाळांचे आकडे ताडून बघतं, न जुळणारे वेगळे काढतं. ते माणूस गेलं, की कॉपीतला ‘ई’ कायमचा ‘ई’ राहतो.

एक बारीक उदाहरण. हवेत मोजलेली तरंगलांबी आणि निर्वातातली तरंगलांबी यांत थोडा फरक असतो. ६११ नॅनोमीटरपाशी तो सुमारे ०.१७ नॅनोमीटर. ऐकायला नगण्य. पण रेअर अर्थच्या गर्दीत तेवढ्या जागेत शेजारच्याची रेषा येऊन बसलेली असू शकते. एका तक्त्यातला हवेतला आकडा दुसऱ्यातल्या निर्वातातल्या आकड्याशेजारी चिकटवला, तर तुम्ही भलत्याच मूलद्रव्याचं नाव घेऊन मोकळे व्हाल.

दुसरी प्रतिक्रिया अर्थातच ‘एआयला विचार’. विचारलं. एका चॅटबॉटला दोनदा आयन झालेल्या सिरियमच्या अवरक्त रेषा विचारल्या. तीन वेळा विचारल्यावर तीन वेगळ्या याद्या, तिन्ही वेळा तोच आत्मविश्वास. त्याचा दोष काढून उपयोग नाही. तो असल्याच तक्त्यांवरून शिकतो, आणि ज्या रेषा कुणी मोजल्याच नाहीत त्या त्याला तरी कुठून माहीत असणार?

यात आपलं काय?

बरंच काही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेला २,६०० कोटींचा खर्च. ती सुरू झाली की न्यूट्रॉन ताऱ्यांची धडक आकाशात नेमकी कुठे झाली, हे आजच्यापेक्षा अचूक कळेल. मग दुर्बिणी तिथे वळतील, वर्णपट येतील, आणि पुन्हा तोच प्रश्न येईल: ही रेषा कुणाची?

पुण्यात आयुकामध्ये यटर्बियमच्या एकट्या आयनावर चालणारं अतिअचूक घड्याळ बनवण्याचं काम चालू आहे. त्या घड्याळाचा लंबक म्हणजेच यटर्बियम आयनाची एक रेषा. आणि चुंबकांच्या कारखान्यात, आलेल्या नियोडिमियममध्ये डिस्प्रोशियम किती मिसळलंय हे तपासायचं असेल, तर नमुना तापवून त्याच्या रेषाच बघतात. कुठल्या रेषेवर दुसऱ्याची रेषा चढत नाही, हे माहीत असल्याशिवाय येणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. चुंबकांसाठी ७,२८० कोटी आणि लायगोसाठी २,६०० कोटी देताना रेषा मोजणाऱ्या, तपासणाऱ्या, नोंदवणाऱ्या चार माणसांच्या पगाराचीही सोय करावी. त्या रकमांपुढे हा खर्च चिल्लर आहे. आपण आजवर ही वही फक्त वाचत आलो. तिच्यात लिहिणाऱ्यांत आपली नावं वाढली, तर कुठल्या एका देशाच्या नोकरकपातीने ती वही बंद पडायची भीती तेवढी कमी होईल.

तोपर्यंत एक काम तुम्हीही करू शकता. घरात जुना सीएफएल असेल तर फेकू नका. त्यात पारा असतो, त्यामुळे तो फुटू न देता ई-कचऱ्यात द्या. पण देण्याआधी एकदा अंधारात सीडी धरून बघा. सूर्याकडे मात्र असं कधीही बघू नका. ती लाल पट्टी दिसली की फोटो काढा, आणि मग त्या रेषेला युरोपियम हे नाव कुणी दिलं असेल, त्यासाठी किती जणांनी किती वर्षं मोजमापं केली असतील, याचा मिनिटभर विचार करा.

माझा बल्ब मी अजून दिलेला नाही. एलईडी सगळीकडे आल्यापासून ही रेषा घरातून गायब होत चालली आहे. म्हटलं, एक तरी राहू दे.